क्रिप्टोची पडद्यावरची किंमत आणि हाती पडणारे पैसे

क्रिप्टोकरन्सीत पैसे घालणाऱ्याला सर्वांत आधी दिसते ती किंमत. ॲप उघडले की ठळक अक्षरांत एक आकडा, त्याखाली हिरवा किंवा लाल टक्का आणि आपल्याकडच्या कॉईनना त्या आकड्याने गुणून आलेली रक्कम. ही रक्कम आपलीच आहे असे मन लगेच धरून चालते. प्रत्यक्षात तो आकडा एवढेच सांगतो, की काही क्षणांपूर्वी कोणीतरी थोडे किंवा फार कॉईन त्या भावाने घेतले. आपल्याकडचे सगळे कॉईन त्याच भावाने घ्यायला समोर कोणी उभे आहे का, याचा त्यात पत्ता नसतो. क्रिप्टोतील बरीचशी नुकसानी या दोन गोष्टींमधल्या फटीत होते आणि नव्याने बाजारात आणलेल्या कॉईनच्या बाबतीत ही फट कधीकधी मुद्दाम ठेवलेली असते. भाव उद्या कुठे जाईल हे सांगणारे पुष्कळ आहेत. येथे भाव ठरतो कसा आणि विकायच्या वेळी काय होते, तेवढेच पाहू.

सुरुवात बिटकॉईनपासून करणे सोयीचे, कारण बाकीचे जवळपास सगळे त्याच्याकडे बोट दाखवूनच विकले जाते. ३१ ऑक्टोबर २००८ रोजी सातोशी नाकामोतो या नावाने नऊ पानांचा एक निबंध प्रसिद्ध झाला आणि ३ जानेवारी २००९ रोजी पहिला ब्लॉक तयार झाला. देवाणघेवाणीची खतावणी एका बँकेकडे न ठेवता जगभरातील हजारो संगणकांवर तिच्या सारख्या प्रती ठेवायच्या, नव्या नोंदींचा गठ्ठा, म्हणजे ब्लॉक, जोडण्याचा अधिकार संगणकीय कोडे आधी सोडवणाऱ्याला द्यायचा आणि त्या कामाचा मोबदला म्हणून त्याला नवे बिटकॉईन द्यायचे, अशी ही कल्पना होती. हा मोबदला दर २,१०,००० ब्लॉकनंतर, म्हणजे साधारण चार वर्षांनी, निम्मा होतो. सुरुवातीला तो ५० बिटकॉईन होता, एप्रिल २०२४ पासून तो ३.१२५ आहे आणि एकूण संख्या २.१ कोटींच्या वर जाणार नाही अशी व्यवस्था मूळ नियमांतच आहे.

पुरवठा मर्यादित आहे हा मुद्दा खरा आहे, पण त्यावर जेवढा भार टाकला जातो तेवढा तो पेलत नाही. शेअरमागे कंपनीचा नफा असतो, रोख्यामागे व्याज असते, घरामागे भाडे असते. एक बिटकॉईन दहा वर्षे राखून ठेवला तर दहा वर्षांनी हातात एक बिटकॉईनच असतो. त्याने मधल्या काळात काही कमावलेले नसते. सोन्याचेही तसेच आहे, हे मान्य. मात्र याचा अर्थ असा होतो, की परतावा केवळ पुढचा माणूस किती द्यायला तयार आहे यावरच ठरतो. काही नेटवर्कवर कॉईन अडकवून ठेवल्याबद्दल स्टेकिंगचा मोबदला मिळतो. पण तो त्याच कॉईनमध्ये मिळतो आणि बव्हंशी नवे कॉईन काढूनच दिला जातो, त्यामुळे मूळ प्रश्न तसाच राहतो.

कॉईन आणि टोकन यांत एक फरक आहे आणि नव्या लॉन्चचे सगळे प्रकरण त्यावर उभे आहे. बिटकॉईन किंवा इथेरियमचा इथर हे स्वतःच्या ब्लॉकचेनवरचे, म्हणजे ब्लॉकच्या साखळीने बनलेल्या स्वतःच्या खतावणीवरचे, मूळ चलन, म्हणून ते कॉईन. जुलै २०१५ मध्ये सुरू झालेल्या इथेरियमने ब्लॉकचेनवर छोटे प्रोग्राम, म्हणजे स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट, चालवण्याची सोय केली आणि लवकरच ईआरसी-२० नावाचा एक ठरावीक नमुना रूढ झाला. या नमुन्यात नाव, चिन्ह आणि एकूण संख्या भरली की टोकन तयार होते. टोकनसाठी वेगळे नेटवर्क, वेगळे मायनर, म्हणजे कोडे सोडवणारे, किंवा वेगळे संशोधन लागत नाही. कोणत्या पत्त्यावर किती टोकन आहेत याची यादी सांभाळणारा तो एक प्रोग्राम असतो. आज तयार साधने वापरून हे काम काही मिनिटांत आणि किरकोळ खर्चात होते. बोलताना लोक दोन्हींना कॉईनच म्हणतात आणि पुढे मीही तसेच म्हणेन, पण रोज हजारोंनी जन्माला येतात ती टोकन असतात, हे लक्षात असू द्यावे.

बाजाराची जोखीम

चढउतार ही सर्वांना ठाऊक असलेली जोखीम आहे, तरी तिचे आकारमान आकड्यांतच पाहावे. नोव्हेंबर २०२१ मध्ये बिटकॉईन सुमारे ६९,००० डॉलरवर होता. वर्षभराने, नोव्हेंबर २०२२ मध्ये, तो १६,००० डॉलरच्या खाली आला. ही घसरण सुमारे ७७ टक्क्यांची आहे आणि तेथून जुन्या पातळीवर यायला भाव चौपटीहून अधिक वाढावा लागतो. तो वाढला, मार्च २०२४ मध्ये नवा उच्चांक झाला आणि डिसेंबर २०२४ मध्ये बिटकॉईन एक लाख डॉलरच्या पुढेही गेला. ‘थांबला तो जिंकला’ ही शिकवण येथूनच निघते. ती बिटकॉईनपुरती आजवर खरी ठरली. मात्र २०१७ आणि २०२१ च्या तेजीत आलेले असंख्य कॉईन आपल्या उच्चांकाजवळ पुन्हा कधीच फिरकले नाहीत, आणि जे नाहीसे झाले त्यांचे आलेख कोणी दाखवत नसल्याने ते हिशेबातूनच गळतात.

लिव्हरेज, म्हणजे उसन्या पैशांवर मोठा सौदा, घेतले की थांबण्याचा पर्यायही उरत नाही. स्वतःच्या १,००० डॉलरवर दहापट व्यवहार केला, तर भाव दहा टक्के विरुद्ध गेल्यावर मूळ रक्कम संपते; प्रत्यक्षात एक्स्चेंज, म्हणजे खरेदी-विक्री चालवणारी कंपनी, त्याच्या थोडे आधीच सौदा बंद करते. याला लिक्विडेशन म्हणतात. गंमत अशी, की हे सक्तीचे विकणे भाव आणखी पाडते, त्यामुळे पुढच्या माणसाचा सौदा बंद होतो आणि पत्त्यांचा बंगला कोसळावा तशी साखळी सुरू होते. १२ मार्च २०२० रोजी बिटकॉईन एका दिवसात जवळजवळ ४० टक्के पडला, त्यात या साखळीचा मोठा हात होता. भाव पुढे सावरला, पण ज्यांचे सौदे त्या दिवशी बंद झाले त्यांना सावरण्याचा काहीच लाभ झाला नाही.

दुसरी जोखीम कॉईन ठेवायच्या जागेची. एक्स्चेंजवरच्या खात्यात दिसणारे कॉईन ही त्या कंपनीच्या वहीतली नोंद असते. ब्लॉकचेनवरची चावी कंपनीकडे असते. माउंट गॉक्स हे एकेकाळचे जगातील सर्वांत मोठे बिटकॉईन एक्स्चेंज फेब्रुवारी २०१४ मध्ये बंद पडले, तेव्हा सुमारे साडेआठ लाख बिटकॉईनचा हिशेब लागत नव्हता. त्यातले सुमारे दोन लाख पुढे सापडले. चावी स्वतःकडे ठेवली तर हा धोका टळतो, मात्र मग ती हरवल्यावर दाद मागायला कोणी नसते. सीड फ्रेजचे, म्हणजे चावी पुन्हा मिळवून देणारे, बारा किंवा चोवीस शब्द ज्याच्या हाती, त्याचे पैसे, इतका हा व्यवहार कोरडा आहे. हे शब्द विचारणारा कोणीही, मग तो ‘कस्टमर केअर’ म्हणून का बोलेना, चोर समजावा.

एफटीएक्स या एक्स्चेंजची घटना मला यापेक्षा अधिक शिकवणारी वाटते, कारण तेथे चोरीइतकाच किमतीच्या गुणाकाराचा भ्रम काम करत होता. एफटीएक्सने एफटीटी नावाचे स्वतःचे टोकन काढले होते. त्याच मालकाच्या अलामेडा रिसर्च या कंपनीच्या ताळेबंदात या टोकनचा मोठा साठा मालमत्ता म्हणून दाखवलेला होता. म्हणजे स्वतःच छापलेल्या कागदाला बाजारभावाने गुणायचे आणि त्या रकमेवर जगायचे, असा प्रकार. नोव्हेंबर २०२२ च्या पहिल्या आठवड्यात हा ताळेबंद उजेडात आला, बायनान्स या दुसऱ्या एक्स्चेंजच्या प्रमुखांनी आपल्याकडचे एफटीटी विकण्याचे जाहीर केले, आणि एवढा साठा त्या भावाने घेणारा जगात कोणी नाही हे काही दिवसांत सर्वांना दिसले. ठेवीदारांनी पैसे मागितले, ते नव्हते, कारण ग्राहकांचा पैसा अलामेडाकडे वळवला गेला होता. ११ नोव्हेंबर रोजी कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. संस्थापक सॅम बँकमन-फ्राईड याला मार्च २०२४ मध्ये २५ वर्षांची शिक्षा झाली.

स्टेबलकॉईनविषयीही दोन शब्द आवश्यक आहेत, कारण घाबरलेला गुंतवणूकदार तेथेच आसरा घेतो. एका डॉलरला बांधलेले हे टोकन कशाच्या जोरावर एक डॉलर राहते, हा प्रश्न विचारावा. यूएसडीसीमागे रोख आणि अल्पमुदतीचे सरकारी रोखे असतात; मार्च २०२३ मध्ये त्यातले ३.३ अब्ज डॉलर बुडणाऱ्या सिलिकॉन व्हॅली बँकेत अडकले, तेव्हा भाव ८८ सेंटच्या आसपास आला आणि ठेवींना सरकारी हमी मिळाल्यावर काही दिवसांत पूर्ववत झाला. टेरा या प्रकल्पाच्या यूएसटी या स्टेबलकॉईनमागे मात्र लुना हे त्याच मंडळींचे दुसरे टोकनच होते. एक यूएसटी दिला की एका डॉलरच्या किमतीचे नवे लुना मिळत. यूएसटी ठेवल्यावर वर्षाला सुमारे २० टक्के देणारी योजना असल्याने लोक आले, आणि मे २०२२ मध्ये सगळे एकदम बाहेर पडू लागले. लुनाचा भाव उतरला की एका डॉलरसाठी अधिक लुना छापावे लागत, अधिक छापल्याने भाव आणखी उतरे. लुनाची संख्या सुमारे ३५ कोटींवरून साडेसहा लाख कोटींवर गेली आणि महिन्याच्या सुरुवातीला ८० डॉलरच्या घरात असलेला भाव दोन आठवड्यांच्या आत एका सेंटच्याही खाली आला.

नवा कॉईन बाजारात येतो तेव्हा

टोकन विकून पैसा उभारण्याची पद्धत २०१३ मध्ये मास्टरकॉईनने सुरू केली आणि २०१४ मध्ये इथेरियमने तिच्याच आधारे सुमारे १.८ कोटी डॉलर जमवले. २०१७ मध्ये तिची लाट झाली. एक संकेतस्थळ, एक आराखडा आणि सल्लागारांचे फोटो एवढ्या भांडवलावर कोट्यवधी डॉलर उभे राहत. ईओएसने वर्षभर चाललेल्या विक्रीतून सुमारे चार अब्ज डॉलर गोळा केले. घेणाऱ्याला ना कंपनीत वाटा मिळे, ना परतफेडीचे वचन. आज आराखड्याचाही आव उरलेला नाही. मीम कॉईनच्या लॉन्चमध्ये चित्र, नाव आणि गर्दी एवढेच असते आणि विक्री होते ती लिक्विडिटी पूलमधून, म्हणजे टोकन आणि डॉलर एकत्र ठेवलेल्या, प्रोग्रामने चालणाऱ्या साठ्यातून. या पूलचे गणित एकदा हातावर उतरवून पाहिले, की पुढचे सगळे आपोआप कळते.

समजा एकाने १०० कोटी टोकन तयार केली. त्यातली १० कोटी त्याने पूलमध्ये ठेवली, सोबत स्वतःचे ५०,००० डॉलर ठेवले आणि उरलेली ९० कोटी आपल्याच वॉलेटमध्ये, बरेचदा वीस-पंचवीस वेगवेगळ्या वॉलेटमध्ये, विखरून ठेवली. पूलचा नियम साधा आहे: आतील टोकनची संख्या गुणिले आतील डॉलर हा गुणाकार कायम राहिला पाहिजे. या क्षणी एका टोकनचा भाव ५०,००० भागिले १० कोटी, म्हणजे ०.०००५ डॉलर आहे, आणि १०० कोटींना या भावाने गुणले की मार्केट कॅप येते पाच लाख डॉलर. पन्नास हजारांच्या रकमेवर पाच लाखांची पाटी लागली, ती येथेच.

आता एक खरेदीदार ५०,००० डॉलर घालतो. पूलमध्ये एक लाख डॉलर झाले, त्यामुळे गुणाकार राखण्यासाठी आत पाच कोटी टोकन उरली पाहिजेत. म्हणजे खरेदीदाराला पाच कोटी मिळाली. नवा भाव एक लाख भागिले पाच कोटी, म्हणजे ०.००२ डॉलर. भाव चौपट झाला आणि मार्केट कॅप वीस लाख डॉलर दिसू लागली. खरेदीदाराच्या वॉलेटमध्ये त्याच्या टोकनची किंमत एक लाख डॉलर दाखवली जाते, म्हणजे काही सेकंदांत पैसे दुप्पट. हा पडद्याचा फोटो काढून तो चार ठिकाणी पाठवतो, आणि त्याच्या मनात यात लबाडी नसते.

मग निर्माता आपली ९० कोटी टोकन पूलमध्ये ओततो. आत ९५ कोटी टोकन झाली, म्हणून डॉलर उरले पाहिजेत ५,२६३. बाकीचे ९४,७३७ डॉलर निर्मात्याच्या हातात गेले. खरेदीदार धावत येऊन आपली पाच कोटी विकतो, तेव्हा त्याला मिळतात २६३ डॉलर. पूलमध्ये ५,००० उरतात, तेही निर्मात्याच्याच मालकीचे. हिशेब लावला, तर खरेदीदाराचे गेले ४९,७३७ आणि निर्मात्याने स्वतःचे ५०,००० वजा जाता मिळवले तेही बरोबर ४९,७३७. शुल्क सोडून दिले आहे, पण ते धरल्याने चित्र पालटत नाही. वीस लाखांची मार्केट कॅप कुठे गेली, असे विचारणाऱ्याला उत्तर एकच, की ती कधी नव्हतीच. आत एक लाखाहून अधिक डॉलर कोणत्याही क्षणी नव्हते.

निर्मात्याने विकण्याऐवजी पूलमधील डॉलरच काढून नेले, तर त्याला रग पुल म्हणतात, आणि त्याची धास्ती आता इतकी पसरली आहे, की ‘लिक्विडिटी लॉक केलेली आहे’ ही जाहिरात प्रत्येक लॉन्चमध्ये असते. वरचे उदाहरण पुन्हा पाहावे. लिक्विडिटी लॉक असती, तर निर्मात्याला शेवटचे ५,००० सोडावे लागले असते, एवढाच फरक पडला असता. लॉक हे पूलच्या दाराला लावलेले कुलूप आहे. वॉलेटमधल्या ९० कोटींना ते लागू नाही.

याहून बेरकी प्रकार हनीपॉटचा. कॉन्ट्रॅक्टमध्ये अशी अट घातलेली असते, की घेता सर्वांना येईल, पण विकता ठरावीक पत्त्यांनाच येईल. विकणारे नसल्याने आलेख सरळ वर जातो आणि वर जाणारा आलेख आणखी लोकांना ओढतो. २०२१ च्या ऑक्टोबरअखेर एका गाजलेल्या वेब मालिकेचे नाव उचलून असे एक टोकन आले. मालिकेच्या निर्मात्यांचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. १ नोव्हेंबरला त्याचा भाव २,८०० डॉलरच्या वर दिसत होता आणि काही मिनिटांत तो शून्याला टेकला. ज्यांना तो भाव दिसत होता, त्यांतल्या बहुतेकांना त्या भावाने एकही टोकन विकता येत नव्हते.

प्रसिद्ध व्यक्तीचे नाव जोडलेले असले, तरी रचना बदलत नाही. १४ फेब्रुवारी २०२५ रोजी अर्जेंटिनाचे अध्यक्ष हाविएर मिलेई यांनी समाजमाध्यमावर लिब्रा या टोकनचा उल्लेख केला. थोड्याच वेळात त्याची मार्केट कॅप चार अब्ज डॉलरच्या पुढे गेली आणि काही तासांत नव्वद टक्क्यांहून अधिक घसरली. मिलेई यांनी आपली नोंद काढून टाकली. अशा वेळी सामान्य माणूस बातमी वाचून पोहोचतो, तेव्हा आधीच आत बसलेले असतात ते आतल्या गोटातले लोक आणि स्नायपर बॉट, म्हणजे पूल उघडल्याच्या पहिल्या ब्लॉकमध्येच खरेदी करणारे प्रोग्राम. बॉटशी वेगाची स्पर्धा हाताने होत नाही.

मोठ्या, प्रतिष्ठित गुंतवणूकदारांच्या पाठबळाने येणाऱ्या कॉईनमध्ये असा रोकडा डाका नसतो; तेथे तीच गोष्ट सावकाश घडते. एकूण टोकनपैकी दहा-पंधरा टक्केच सुरुवातीला बाजारात आणतात, बाकी संस्थापक आणि सुरुवातीच्या फंडांकडे बंद असतात आणि वेळापत्रकानुसार महिन्या-महिन्याला मोकळी होतात. याला अनलॉक म्हणतात. बाजारात दहा टक्के असताना ठरलेल्या भावाने शंभर टक्क्यांना गुणून जे मूल्य सांगितले जाते, ते पुढच्या तीन-चार वर्षांत येणाऱ्या नव्वद टक्क्यांना कोणीतरी त्याच भावाने घेईल असे गृहीत धरते. फंडांना ही टोकन लॉन्चच्या भावाच्या कितीतरी खाली मिळालेली असतात, त्यामुळे भाव निम्म्यावर आला तरी त्यांना विकणे परवडते. या वेळापत्रकात काही गुपित नसते, ते प्रसिद्ध असते. वाचणारे मात्र थोडे असतात.

म्हणून नवा कॉईन घेण्याआधी आलेख बाजूला ठेवून ब्लॉक एक्सप्लोररवर, म्हणजे ब्लॉकचेनवरच्या नोंदी दाखवणाऱ्या संकेतस्थळावर, त्या टोकनचा कॉन्ट्रॅक्ट पत्ता घालावा आणि धारकांची यादी उघडावी. पत्ता प्रकल्पाच्या अधिकृत पानावरूनच घ्यावा, कारण त्याच नावाची आणि चिन्हाची डझनभर नकली टोकन असतात. यादीतील पहिल्या दहा पत्त्यांकडे मिळून किती टक्के आहेत ते पाहावे. त्यांत एक्स्चेंज किंवा खुद्द पूलचा पत्ता असेल तर तो वगळावा. अनेक वॉलेटना पहिले पैसे एकाच पत्त्यावरून आलेले दिसले, तर ती वॉलेट बहुधा एकाच माणसाची आहेत. त्यानंतर पूलमध्ये डॉलर, इथर किंवा सोलाना (दुसऱ्या एका नेटवर्कचे कॉईन) किती आहे ते पाहावे आणि मार्केट कॅपशी ताडावे. पाच कोटींची मार्केट कॅप आणि पूलमध्ये दोन लाख, असे दिसले तर वरचे गणित आठवावे. कॉन्ट्रॅक्टमध्ये नवी टोकन छापण्याचा अधिकार निर्मात्याने स्वतःकडे ठेवला आहे का, हे तपासणारी मोफत साधनेही मिळतात.

अनेकजण याहून सोपी चाचणी करतात: थोडी टोकन घ्यायची आणि लगेच विकून पाहायची. विकली गेली नाहीत, तर हनीपॉट उघड होतो आणि नुकसान थोडक्यात निभावते. ही चाचणी जरूर करावी, मात्र विक्री झाली म्हणजे सगळे ठीक, असा तिचा अर्थ काढू नये. कित्येक कॉन्ट्रॅक्टमध्ये विक्रीवरचा कर वाढवण्याचा किंवा एखाद्या पत्त्याची विक्री रोखण्याचा अधिकार मालकाकडे शिल्लक असतो आणि तो पुरेशी गर्दी जमल्यावरच वापरला जातो. सकाळी दहा डॉलरची विक्री सुरळीत झालेली असते, त्या भरवशावर दुपारी पाच हजार घातलेले असतात, आणि संध्याकाळी त्याच बटणावर व्यवहार अयशस्वी झाल्याचा लाल संदेश येतो. वर भाव अजूनही चढताच दिसत असतो.